जुन्या ख्रिसमस कार्डांच्या तिळगुळाच्या डब्या: कामाच्या नोंदी

रविवार, २२ डिसेंबर

आत्या पावसाळ्यापासून आमच्याकडे राहते. तिच्या सामानातली पत्र्याची ट्रंक आज उघडली, तर आत नुसती ख्रिसमसची कार्डं. साडेतीनशे तरी असतील. इथे इंदुरातच एका मिशनच्या शाळेत तिनं हिंदी शिकवलं. दर डिसेंबरात मुली, बरोबरच्या शिक्षिका, बदली होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या सिस्टर अशा सगळ्यांची कार्डं यायची. तिनं एकही टाकलं नाही आणि आताही टाकायची तयारी नाही. आमच्या राजेंद्रनगरच्या फ्लॅटमध्ये ट्रंकेला जागा नाही. शेवटी ठरलं की कार्डं वापरात आणायची आणि संक्रांत गाठायची. हळदीकुंकवाला तिळगुळाच्या डब्या, वाणाच्या पिशव्यांना बांधायला चिठ्ठ्या, आणि भाच्याच्या मुलाचं पहिलं बोरन्हाण आहे, त्याला हलव्याचे दागिने. हळदीकुंकवाला चाळीस-पंचेचाळीस बायका येतात.

नोंदी जाऊबाईंसाठी ठेवतेय. त्यांच्याकडे लग्नपत्रिकांचं पोतं आहे आणि "आधी तू करून बघ, मग मला सांग" असा त्यांचा निरोप आहे.

आज वाटणी केली. लेकीनं चित्रांप्रमाणे ढीग लावले: घंटा, मेणबत्त्या, बर्फातली घरं, सांताक्लॉज, पक्षी. दिसायला सुरेख. पण एका ढिगातलं एक कार्ड पातळ, दुसरं पुठ्ठ्यासारखं जाड, तिसरं घडी घालताच तडकणारं. संध्याकाळ त्यात गेली.

सोमवार, २३ डिसेंबर

पुन्हा वाटणी, या वेळी कागद बघून. हेच आधी करायचं असतं. चित्र शेवटी बघावं.

सत्तर-ऐंशीच्या दशकातली कार्डं पिवळी पडली आहेत. कोपरा हलकेच दुमडला की मोडतो. त्यांना घडी घालायचीच नाही, सपाट वापरायची: चिठ्ठ्या, पुस्तकात ठेवायच्या खुणा. त्यानंतरची बरीचशी समोरून चकचकीत आणि मागून साधी आहेत. डब्यांना हीच हवीत. काही दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिक चढवलेली, त्यांच्यावर काही चिकटणार नाही. काही म्हणजे एकच पातळ कागद दोनदा घडी करून जाड भासवलेला, त्यांची डबी उभी राहत नाही.

चमकी लावलेली वेगळी काढली. ही चमकी म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्याचे तुकडे, बोट फिरवलं की सुटतात. खाण्याच्या वस्तूजवळ नको. सकाळी अटालेवाल्याला (भंगारवाल्याला) विचारलं तर तोही म्हणाला, "दीदी, ये चमक वाला रद्दी में नहीं चलेगा, वापस कर देते हैं।"

गाणी वाजवणारी कार्डं चारच निघाली, पण त्यांच्याकडे नीट लक्ष द्या. घडीच्या आत बटणाएवढी बॅटरी असते. दोन कार्डांत ती फुटून हिरवट-पांढरी भुकटी झाली होती. हातमोजे घालून, पापुद्रा उचकटून चारही काढल्या आणि डबीत बंद केल्या. घरात लहान मूल येणार असेल तर हे काम पहिलं. अशी बॅटरी पोटात गेली तर अन्ननलिका काही तासांत भाजते. आमच्याकडे कचऱ्याच्या गाडीला ई-कचऱ्याचा कप्पा वेगळा असतो, उद्या सकाळी त्यात जातील.

कसर लागलेली दहा-बारा कार्डं टाकली. आत्या बघत नव्हती तेव्हा.

बुधवार, २५ डिसेंबर

काम बंद होतं, पण एक प्रश्न सुटला. बाळ येशू, मेरी, गव्हाणी अशी चित्रं असलेली साठेक कार्डं आहेत. त्यांची डबी करायची तर कात्री चित्रावरून जाणार, आणि तिळगूळ संपल्यावर डबी कुठल्या कचऱ्यात पडेल सांगता येत नाही. आत्या म्हणाली, "गणपतीच्या पत्रिकेवर कात्री चालवशील का? मग इथेही नको." तिची शाळेतली मैत्रीण दुपारी केक घेऊन आली होती, तिनं तो गठ्ठाच नेला. त्यांच्या चर्चमध्ये रविवारी मुलांचा वर्ग भरतो, तिथे मुलं गोष्ट ऐकून चित्रं वहीत चिकटवतात. जाऊबाई, तुमच्या पत्रिकांवरच्या गणपतीचंही असंच काहीतरी आधी ठरवून ठेवा.

गुरुवार, २६ डिसेंबर

पहिली डबी. माप असं: कार्डाच्या समोरच्या पानातून १२ सेंमीचा चौकोन, चारही कडांपासून ३ सेंमीवर घडीच्या रेघा. घड्या पडल्या की ६ बाय ६ चं, ३ सेंमी उंचीचं झाकण होतं. समोरासमोरच्या दोन कडांवर रेघेपर्यंत दोन-दोन चिरा द्यायच्या, कोपऱ्याचे चार कान होतात, ते आत दुमडून चिकटवायचे. तळ त्याच मापाचा केला तर झाकण बसत नाही, कारण कानांमुळे भिंतीची जाडी दुप्पट होते. तळासाठी ११.७ सेंमीचा चौकोन घ्या, रेघा मात्र ३ सेंमीवरच. हे तीन मिलिमीटर सापडेपर्यंत चार झाकणं वाया गेली.

दुसरी अडचण घडी तडकायची. कागदाचे तंतू एका दिशेनं जातात. त्या दिशेनं घडी स्वच्छ पडते, आडवी घातली की वरचा रंगाचा थर फाटून पांढरी रेघ दिसते. डबीला दोन्हीकडून घड्या लागतात, म्हणजे निम्म्या आडव्या असणारच. उपाय: शाई संपलेलं बॉलपेन आणि पोलादी पट्टी घेऊन घडीची रेघ चित्राच्या बाजूनं दाबायची आणि घडी मागे घालायची. दाबल्यामुळे मागच्या बाजूला उंचवटा येतो, तो घडीच्या आत जातो आणि वरचा थर ताणला जात नाही. मी आधी रेघ मागून दाबत होते, म्हणून जास्तच तडकत होतं. मापं मागच्या कोऱ्या बाजूवर आखायची आणि टोकांना टाचणीनं बारीक छिद्रं पाडायची. पुढच्या बाजूला छिद्रावर पट्टी ठेवली की झालं, चित्रावर पेन्सिल लागत नाही.

तळ कशाचा करायचा हे अजून ठरलेलं नाही. हेन्री कोलनं १८४३ साली लंडनमध्ये छापून विकलेलं पहिलं ख्रिसमस कार्ड एकाच पानाचं होतं, त्याला घडी नव्हती. किंमत एक शिलिंग. पुढे घडीची कार्डं आली म्हणून मला झाकण आणि तळ दोन्ही मिळतायत खरे, पण मागच्या पानावर मजकूर आहे.

शनिवार, २८ डिसेंबर

मजकुराचा प्रश्न. मागच्या पानाच्या आत कुणी दोन ओळी लिहिल्यात, कुणी अख्खं पत्र. तळ त्याचा केला तर तिळगूळ उचलला की खाली कुणा सिस्टरची बदली, कुणाच्या आईचं आजारपण. आत्यानं सरळ सांगितलं, "माझी पत्रं पंचेचाळीस घरी वाटायची नाहीत." तिचं बरोबर आहे. लिहिलेली मागची पानं घडीवर कापून वेगळी केली, चपट्या डब्यात ठेवली. गठ्ठा निम्म्याहून कमी जागेत मावला. ट्रंक आता तशीही रिकामी होणार. जागेचा प्रश्न इथेच सुटला होता, डब्या न करताही.

कोरी मागची पानं फार थोडी निघाली. मग जाऊबाईंना फोन केला आणि पत्रिकांचं अर्धं पोतं मागवलं. इंदुरातल्या लग्नपत्रिका कार्डांपेक्षा जाड असतात, तळाला उत्तम. वरचा गणपतीचा भाग आधी कापून बाजूला ठेवायचा, खालच्यातून तळ काढायचा. जुन्या पत्रिकांतला हातकागद मात्र घेऊ नका, तो घडीवर फुगतो.

या शोधात युनिसेफची कार्डं हाती लागली, पंधरा-वीस. त्यांच्या पहिल्या कार्डाची गोष्ट आत्याला माहीत होती: दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातल्या एका सात वर्षांच्या मुलीनं कागद नव्हता म्हणून काचेवर चित्र रंगवलं, आणि १९४९ मध्ये त्याचं कार्ड झालं. ती बाजूला ठेवा म्हणाली. ठेवली.

रविवार, २९ डिसेंबर

खजुरी बाजार. राजवाड्याकडे गाडी लावायला जागा मिळेपर्यंत निम्मी दुपार गेली, त्यापेक्षा रिक्षानं जावं. घेतलं ते: कटर आणि जादा पाती ६० रुपये, फेविकॉल ४५, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपची दोन रिळं ७०, रेगमाल (घासायचा खरखरीत कागद) २०, बटर पेपर ९०. कापायला खास मॅट दाखवत होते, साडेतीनशेला. घेतली नाही. जुन्या कॅलेंडराचे चार पुठ्ठे एकावर एक ठेवून काम भागतं, फक्त वरचा अधूनमधून बदलायचा, कारण जुन्या चिरेत पातं घसरतं.

मंगळवार, ३१ डिसेंबर

चिकटण्याचा प्रश्न. कोपऱ्याचा कान आत दुमडला की त्याची चकचकीत बाजू शेजारच्या भिंतीच्या साध्या बाजूला लागते. फेविकॉल ओलं असताना धरतो, वाळला की चकचकीत बाजूवरून पापुद्र्यासारखा सुटतो. रात्री चिकटवलेल्या डब्यांतल्या बऱ्याचशा सकाळी उघडून बसल्या होत्या. कानाच्या चकचकीत बाजूवर रेगमाल दोन-तीनदा फिरवला की धरतं. फक्त कानावर, बाहेर दिसणाऱ्या भागावर गेला तर चित्र खरवडतं.

थंडीनं भर घातली. रात्री पारा चांगलाच उतरतोय आणि फेविकॉल वाळायला तास न् तास घेतो. गच्चीवर उन्हात ठेवल्या तर लवकर वाळल्या, पण भिंती आतल्या बाजूला वळल्या. शेवटी कानांना टेप आणि टेपच्या कडेला फेविकॉलचा एक थेंब, असं ठरलं. टेप लगेच धरते, थेंब सावकाश वाळतो. कपड्यांचे चिमटे लावायचे तर मध्ये कागदाचा तुकडा ठेवा, नाहीतर चिमट्याच्या दातांचे ठसे उमटतात.

गुरुवार, २ जानेवारी

चाचणी म्हणून सासूबाईंनी केलेले तिळगुळाचे चार लाडू एका डबीत ठेवून रात्रभर झाकले. खाली बटर पेपर होता. सकाळी दोन गोष्टी कळल्या. पहिली: बटर पेपरची घडी जिथे उघडी राहिली तिथून तेल गेलं आणि तळाला पिवळा डाग. तिळात निम्म्याच्या आसपास तेलच असतं, डाग पडणारच. दुसरी गोष्ट वाईट. लाडवांना डांबरगोळ्यांचा वास आला होता.

आत्याच्या ट्रंकेत डांबरगोळ्या होत्या, हे पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं. ट्रंक उघडताच वास आला होता. पण तो "ट्रंकेचा वास" म्हणून सोडून दिला. कागद डांबरगोळ्यांतलं नॅफ्थलीन धरून ठेवतो. बटर पेपर तेल अडवतो, वास नाही. सासूबाईंनी लाडू तोंडात घातला आणि बाहेर काढला.

सगळी कार्डं आज गच्चीवर पसरली. सावलीत, कारण थेट उन्हात रंग उडतो. एकेक सुटं करून, चिमट्यांनी दोरीवर. आख्ख्या गच्चीवर बर्फातली घरं.

रविवार, ५ जानेवारी

वाऱ्यावर ठेवून बराच वास गेला, सगळा नाही. दोन निर्णय घेतले. एक: ज्या कार्डाला नाकाजवळ धरल्यावर जरासाही वास येतो ते डबीला नाही, चिठ्ठीलाही नाही. यात साठ-सत्तर कार्डं गेली. दोन: उरलेल्या डब्यांतही खाणं कार्डाला किंवा शाईला लागता कामा नये. वर्तमानपत्रात खाणं गुंडाळू नका म्हणून एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेनं सांगितलंय ते शाईमुळेच, आणि छापील कार्डाला तेच लागू. आधी सोय म्हणून छोट्या प्लॅस्टिकच्या पिशव्या बघितल्या, पण कार्डं वाचवायची आणि वर पंचेचाळीस पिशव्या कचऱ्यात घालायच्या, हे काही पटलं नाही. स्वयंपाकघरातलं अ‍ॅल्युमिनियम फॉइल घेतलं. त्यातून तेल जात नाही, वासही जात नाही. दोन लाडू एका चौकोनात घट्ट गुंडाळायचे, अशा दोन पुड्या एका डबीत. फॉइलचं रीळ १२० रुपये. बटर पेपरचे ९० पाण्यात गेले.

नव्यानं परीक्षा घेतली: पुड्या केलेले लाडू दोन रात्री डबीत. वास नाही, डाग नाही. सासूबाईंनी खाऊन पास केलं.

बुधवार, ८ जानेवारी

आता काम सरळ चाललंय. एका डबीला पंधरा मिनिटं धरा: आखणी आणि टाचणी पाच, रेघा आणि चिरा पाच, चिकटवणं पाच. पण एकेक डबी पूर्ण करण्यापेक्षा आधी सगळे चौकोन कापा, मग सगळ्या रेघा, मग सगळे कान. हात बसतो. चौकोन कापताना चित्राचा कुठला भाग झाकणाच्या माथ्यावर येतो ते बघायला पारदर्शक प्लॅस्टिकवर ६ सेंमीचा चौकोन आखून घेतला आणि तो कार्डावर फिरवून जागा ठरवली. याआधीच्या दोन-तीन डब्यांवर सांताची नुसती दाढी आली आहे.

चिठ्ठ्या लेकीनं केल्या. पिवळी पडलेली, न दुमडणारी कार्डं ९ बाय ५ सेंमीच्या तुकड्यांत कापली, पंचिंग मशीननं भोक, लाल दोरा. याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, लगेच होतात.

शुक्रवार, १० जानेवारी

हलव्याचे दागिने. हा भाग फसला.

कल्पना अशी होती की सोनेरी वर्ख मारलेल्या कार्डांचे मुकुट, बाजूबंद आणि बासरीचे आकार कापायचे आणि वर हलव्याचे दाणे चिकटवायचे. बाजारात पुठ्ठ्यावरच करतात. पण वर्खावर फेविकॉल धरत नाही, म्हणून कार्ड उलटं करून साध्या बाजूवर चिकटवलं. फेविकॉलमध्ये पाणी असतं आणि हलवा म्हणजे साखरच. दाण्यांचे काटे विरघळले, दाणे गुळगुळीत आणि चिकट झाले. फेविकॉल जरा वाळून घट्ट होऊ दिला आणि मग दाणे टेकवले तर काटे टिकले, पण उचलताच गळायला लागले. दुकानदारानं चपलांना लावतात ते पिवळं सोल्युशन सुचवलं. वासानंच डोकं दुखलं, बाळाच्या अंगावर ते घालायचं नाही. शेवटी प्रत्येक दाण्याला दोऱ्याची गाठ मारून सर केले आणि सरांची टोकं आकाराच्या मागे टेपनं बसवली. जुन्या बायका अशाच गाठी मारायच्या, त्याला कारण होतं हे आता कळलं. मुकुट झाला, छान झाला.

संध्याकाळी भाचेसूनेला फोटो पाठवला. ती डॉक्टर आहे. तिचा फोन आला: "मामी, ही ट्रंकेतली कार्डं आहेत ना? बाळाला नको." जी-६-पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळांत नॅफ्थलीनमुळे तांबड्या रक्तपेशी फुटतात, कावीळ होऊ शकते, आणि पुष्कळदा ही कमतरता आधी कळलेली नसते. शिवाय दहा महिन्यांचं मूल मुकुट डोक्यावर ठेवतं की तोंडात घालतं, हे तिनं विचारलं. मला वास येत नव्हता, पण मला येत नाही म्हणजे नाहीच असं कोण सांगणार.

दोऱ्यांचे सर सोडवले, नव्या पांढऱ्या ड्रॉइंग शीटवर बसवले. कार्डांचा त्यात काही भाग उरला नाही. विरघळलेला हलवा ८० रुपयांचा. आमच्या बोरन्हाणाला कार्डांचा उपयोग शून्य, आणि डांबरगोळ्यांत ठेवलेला कुठलाही कागद बाळाजवळ वापरू नका, हे जाऊबाईंनी ठळक लिहून ठेवावं.

रविवार, १२ जानेवारी

वर टांगायला कागदी गोळा. लेकीला हा हवाच होता, आणि सगळ्या कामात मला हाच आवडला.

वीस गोल लागतात. कंपास नको, बांगडी घ्या. २.४ मापाच्या बांगडीचा आतला व्यास सव्वादोन इंच, म्हणजे ५७ मिलिमीटर. आतून पेन्सिल फिरवायची. साध्या कागदाचा एक गोल कापून दोनदा अर्धा दुमडला की मधला बिंदू सापडतो. मग कडा त्या बिंदूला टेकेल अशी घडी घालायची, तीनदा, प्रत्येक घडी आधीच्या घडीच्या टोकापासून. मध्ये समभुज त्रिकोण उरतो, बाजू पाच सेंमीला जराशी कमी. तो कापून पुठ्ठ्याचा साचा करा आणि प्रत्येक गोलावर ठेवून तीन रेघा दाबा. इथे पाकळ्या चित्राच्या बाजूला वर येतात, म्हणून रेघ मागच्या बाजूनं दाबायची, डबीच्या उलट.

पाकळ्या बाहेर ठेवल्या की दोन गोल एकमेकांना साध्या पाठींनी चिकटतात. रेगमाल नको, टेप नको, नुसता फेविकॉल पुरतो. आत ठेवल्या तर चकचकीत बाजू चकचकीत बाजूला लागते आणि पुन्हा तेच रडगाणं. लेकीला पाकळ्या आत हव्या होत्या, गोळा गुळगुळीत दिसतो म्हणून. तिनं अर्धा केला आणि सोडून दिला.

जोडणी: पाच गोल एका टोकाभोवती जोडले की टोपी होते. अशा दोन टोप्या. उरलेले दहा त्रिकोण एक सुलटा एक उलटा असे पट्टीत जोडायचे आणि पट्टीची टोकं मिळवून कडं करायचं. वरून टोपी, खालून टोपी. दुसरी टोपी लावायच्या आधी दोरा आतून ओवून त्याला बटण बांधायचं, म्हणजे वजनानं दोरा निसटत नाही. पूर्ण गोळा अकरा सेंमीचा होतो. घाई केली की पहिल्या टोपीतले कोपरे ढिले राहतात आणि शेवटची टोपी बसत नाही. प्रत्येक जोड धरून तीसपर्यंत मोजा.

जाड कार्डं आणि पातळ कार्डं एका गोळ्यात मिसळू नका, तो एका बाजूला झुकून फिरतो. डब्यांसाठी बाद झालेली पातळ कार्डं इथे चालतात, सगळीच्या सगळी पातळ असतील तर. वासाची कार्डंही यात वापरली, छताजवळ टांगायची म्हणून.

कार्डांचे पतंगही केले, माळ करून दारावर. गच्चीवरच्या पोरांनी एक उडवायचा प्रयत्न केला. पुठ्ठ्याचा पतंग उडत नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. घरातल्यांना आणि शेजाऱ्यांना साध्या ताटातच तिळगूळ. डब्या झाकून ठेवल्यात. लाडू दोन दिवस आधीच भरायचे, त्याहून आधी नाही.

रविवार, १९ जानेवारी

हळदीकुंकू पार पडलं. बेचाळीस डब्या गेल्या.

डबीवर ख्रिसमसचं झाड आणि आत तिळगूळ हे पाहून एक-दोघी गोंधळल्या, बाकीच्यांनी झाकणं फिरवून फिरवून पाहिली. पत्रिकेच्या तळांनी मात्र वेगळीच मजा केली. जाऊबाईंच्या ओळखीतल्याच पत्रिका, त्यामुळे एकीच्या डबीच्या तळाला तिच्याच नणंदेच्या लग्नाचा मुहूर्त निघाला. दुसरीला निघालेलं जोडपं आता एकत्र नाही, ते तिनं सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. तळ कापताना मजकुराची बाजू खाली घ्या, आणि तिच्यावर कोरा कागद चिकटवा. किंवा नावं नसलेला भागच घ्या, पत्रिकेत तोही भरपूर असतो.

तीन डब्यांचे कान सुटले, तिन्ही टेप न लावता नुसत्या फेविकॉलच्या, ३१ तारखेच्या आधीच्या. एका बाईनं विचारलं की ही कुठून विकत घेतली. आत्यानं सांगितलं, "घरचीच आहे."

रविवार, २६ जानेवारी

बोरन्हाण झालं. बाळानं मुकुट खरोखरच तोंडात घातला.

हिशेब: कटर ६०, फेविकॉल ४५, टेप ७०, रेगमाल २०, बटर पेपर ९०, फॉइल १२०, वाया गेलेला हलवा ८०. एकूण ४८५, रिक्षा वेगळी. तयार डब्या दहा-दहा रुपयांना मिळाल्या असत्या तर साडेचारशेत काम झालं असतं. पैसे वाचवायला हे करणार असाल तर करू नका.

उरलं ते असं. चमकीची आणि दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकची कार्डं सुक्या कचऱ्यात गेली, पर्याय नव्हता. युनिसेफची आत्याकडे. पत्रांचा चपटा डबा तिच्या कपाटात. पत्रिकांवरचे गणपती अजून एका पाकिटात माझ्याकडे आहेत. जाऊबाई, ते तुम्ही पुढच्या वेळी याल तेव्हा घेऊन जा. आणि पोत्याचा उरलेला अर्धा भाग पाठवण्याआधी त्यात डांबरगोळ्या आहेत का तेवढं बघा.